यादृच्छिक बक्षिसांचे मोबाईल खेळ : जुगाराची व्याख्या आणि खर्चाचे वास्तव

प्रस्तावना

मोबाईलवरील बहुसंख्य लोकप्रिय खेळ डाउनलोड करण्यासाठी पैसे पडत नाहीत. खेळ सुरू झाल्यानंतर काही काळाने मात्र खेळाडूसमोर एखादी पेटी, पाकीट किंवा चक्र येते. ठरावीक किंमत भरली की ते उघडते. आत काय निघेल हे किंमत भरणाऱ्याला आधी माहीत नसते. हवे असलेले पात्र, शस्त्र किंवा पोशाख निघण्याची शक्यता अनेकदा शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असते. पाश्चात्त्य देशांत या रचनेला 'लूट बॉक्स' म्हणतात, तर जपानमध्ये 'गाचा'. जपानी दुकानांबाहेर लहान खेळणी देणारी यंत्रे असतात. नाणे टाकून मूठ फिरवली की होणारा 'गाचा' असा आवाज आणि प्लास्टिकची डबी खाली पडताना होणारा 'पोन' असा आवाज, यांवरून त्या यंत्रांना 'गाचापोन' हे नाव पडले. मोबाईलवरील खेळांनी या यंत्राचे नाव घेतले आणि त्यामागील अनिश्चिततेचे तत्त्वही घेतले.

या रचनेविषयी गेल्या दशकभरात अनेक देशांतील न्यायालये, नियामक संस्था आणि संशोधक यांनी प्रामुख्याने एकच प्रश्न विचारला : हा जुगार आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा त्या प्रश्नाचीच चिकित्सा केली आहे. जुगाराची प्रचलित कायदेशीर कसोटी प्रामुख्याने जिंकलेल्या वस्तूकडे पाहते, गमावलेल्या पैशाकडे नव्हे. आणि नेमके तेथेच हे खेळ तिच्या हातून निसटतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम या खेळांची रचना, नंतर जपानचा अनुभव, युरोपातील कसोट्या, संशोधनाचे पुरावे आणि शेवटी भारतीय कायद्याची स्थिती असा क्रम ठेवला आहे.

१. खर्चाची रचना

या खेळांतील खर्च समजून घेण्यासाठी एक परिचित उदाहरण पुरेसे आहे. 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा चिनी कंपनीने तयार केलेला खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वोच्च दर्जाचे, म्हणजे पाच तारांकित पात्र एका सोडतीत निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के ठेवण्यात आली. नव्वदाव्या सोडतीपर्यंत असे एक पात्र नक्की मिळेल अशी हमीही देण्यात आली. परंतु ते पात्र खेळाडूला हवे असलेलेच असेल, याची शक्यता सुमारे निम्मीच. पहिल्या वेळी दुसरे पात्र निघाले, तर पुढच्या हमीच्या वेळी हवे ते मिळते. म्हणजे सर्वांत प्रतिकूल परिस्थितीत १८० सोडती कराव्या लागतात.

यासाठी किती पैसे पडतात, हे खेळाच्या पडद्यावर सरळ दिसत नाही. खेळाडू प्रथम पैशांनी स्फटिक विकत घेतो, स्फटिकांची रत्ने करतो, रत्नांचे सोडतीचे टोकन घेतो आणि टोकन देऊन सोडत करतो. एका सोडतीला १६० रत्ने, म्हणून १८० सोडतींना २८,८०० रत्ने. सर्वांत मोठ्या संचात ९९.९९ डॉलरना ८,०८० स्फटिक मिळतात आणि एका स्फटिकाचे एक रत्न होते. हा हिशेब केला असता, पहिल्या खरेदीवरील सवलत आणि खेळताना फुकट मिळणारी रत्ने वगळल्यास, एका पात्राची कमाल किंमत सुमारे ३५६ डॉलर ठरते. दुकानातील वस्तूवर किंमत लिहिलेली असते. येथे ती काढण्यासाठी गणित करावे लागते. हे गणित अवघड नाही, पण ते खेळाडूने करावे अशी सोय कोठेही केलेली नाही.

या रचनेचे तीन घटक स्पष्टपणे वेगळे करता येतात. पहिला घटक म्हणजे अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस. सी. बी. फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबलनाच्या अभ्यासात असे दाखवले होते की, किती प्रयत्नांनंतर फळ मिळेल हे ठरलेले नसते तेव्हा वर्तन अधिक चिवट बनते आणि फळ मिळणे थांबल्यावरही दीर्घकाळ टिकते. दुसरा घटक म्हणजे चलनाची उतरंड. खिशातील रुपया आणि पडद्यावरील रत्न यांच्यामध्ये जितक्या पायऱ्या, तितकी खर्चाची बोच कमी. तिसरा घटक म्हणजे मुदत. हवे असलेले पात्र काही आठवड्यांपुरतेच उपलब्ध असते. नंतर ते परत केव्हा येईल हे निश्चित नसते. जुगाराच्या अड्ड्यावर पहिला घटक असतो. उरलेले दोन आधुनिक विक्रीकलेतून आले आहेत. या खेळांचे सामर्थ्य तिन्हींच्या एकत्रीकरणात आहे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२. जपानचा अनुभव

गाचाचा उगम ज्या देशात झाला, त्या देशाने त्याला पहिला आवर घातला, तोही जुगाराच्या कायद्याने नव्हे. २०१० नंतर जपानी मोबाईल खेळांत 'कोम्पु गाचा' म्हणजे 'पूर्ण संचाचा गाचा' लोकप्रिय झाला. यात सोडतींतून निघणाऱ्या ठरावीक वस्तूंचा संपूर्ण संच जमवला की एक दुर्मीळ वस्तू मिळत असे. वरवर पाहता ही निरुपद्रवी संग्रहवृत्ती वाटते. गणित मात्र वेगळे सांगते. पाच वस्तूंचा संच असेल आणि प्रत्येक वस्तू निघण्याची शक्यता समान असेल, तर पहिली वस्तू पहिल्याच सोडतीत मिळते. शेवटच्या एका वस्तूसाठी मात्र सरासरी पाच सोडती लागतात आणि पूर्ण संचाला सरासरी ११.४. दहा वस्तूंचा संच असेल तर सरासरी २९.३ सोडती लागतात आणि त्यांपैकी दहा केवळ शेवटच्या वस्तूसाठी जातात. म्हणजे 'आता एकच उरली' असे वाटते तो टप्पाच सर्वांत खर्चिक असतो. खेळाडूची समजूत आणि वस्तुस्थिती यांतील हे अंतर हाच या व्यवसायाचा आधार होता.

मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने कोम्पु गाचा बेकायदेशीर असल्याची भूमिका घेतली. ती बातमी येताच 'ग्री' आणि 'डीएनए' या कंपन्यांच्या शेअरचे भाव जोरात कोसळले. संस्थेने आधार घेतला तो १९६२ च्या अवाजवी प्रलोभने आणि दिशाभूल करणारे निवेदन रोखणाऱ्या कायद्याचा. पाकिटांतून निघणारी वेगवेगळी चित्रे जुळवल्यावर बक्षीस देण्याच्या पद्धतीवर या कायद्याखालील नियमांनी पूर्वीच बंदी घातली होती. मुलांना खाऊच्या पाकिटांमागे धावायला लावणाऱ्या विक्रेत्यांसाठी केलेला हा जुना नियम मोबाईलच्या पडद्यालाही लागू पडला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मिळालेल्या वस्तूला बाजारात किंमत आहे काय, हा प्रश्न या कार्यवाहीत मध्यवर्ती नव्हता. ग्राहकाच्या अंदाजशक्तीवर अन्याय्य दबाव येतो काय, हा प्रश्न होता.

या कार्यवाहीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. बंदी संच जुळवण्यापुरती होती. साधा गाचा चालूच राहिला. २०१५ च्या अखेरीस 'ग्रॅनब्लू फॅन्टसी' या खेळात वानराच्या वर्षानिमित्त एक पात्र आणले गेले. ते मिळवण्यासाठी एका खेळाडूने २,२७६ सोडती केल्याचे थेट प्रक्षेपण झाले. एका सोडतीला ३०० येन या दराने ही रक्कम सुमारे ६ लाख ८० हजार येन होते. जाहिरात केलेल्या पात्राची शक्यता प्रत्यक्षात कमी ठेवली असावी, असा संशय व्यक्त झाला आणि खेळाडूंत असंतोष पसरला. त्यानंतर मार्च २०१६ पासून कंपनीने ठरावीक मुदतीत ३०० सोडती करणाऱ्याला हवी ती वस्तू निवडण्याची सोय दिली. म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा ९०,००० येन झाली.

जपानी खेळाडू या मर्यादेला 'तेन्जो' म्हणजे छत म्हणतात. हा शब्द पाचिस्लॉट या नाणेयंत्रांच्या परिभाषेतून आला आहे, हे सूचक आहे. हमीमुळे अमर्याद हानी टळली, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याच हमीने आणखी एक काम केले. २०० सोडती करून हाती काही न आलेल्या खेळाडूला पूर्वी थांबण्यास कारण होते. आता पुढे जाण्यास कारण मिळाले. आणखी शंभर केल्या तर वस्तू नक्की, आणि मुदत संपली तर आधीच्या दोनशे वाया. संरक्षणासाठी बांधलेले छतच अशा प्रकारे वर चढण्याची शिडी ठरते. उद्योगाने स्वतःहून स्वीकारलेल्या अनेक उपायांचे असे दुहेरी स्वरूप आहे आणि त्यांचे मूल्यमापन करताना ते नजरेआड करता येत नाही.

३. 'पैशाचे मोल' ही कसोटी

युरोपात हा प्रश्न जुगाराच्या व्याख्येवरच अडला. ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्यात बक्षीस पैसा किंवा पैशाचे मोल असणारी वस्तू असावी लागते. पेटीतून निघणाऱ्या वस्तूचा उपयोग खेळापुरताच असेल आणि ती पैशांत बदलता येत नसेल, तर असा खेळ परवान्याच्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका तेथील जुगार आयोगाने २०१७ मध्ये घेतली. संसदेच्या एका समितीने सप्टेंबर २०१९ मध्ये ही रचना जुगाराच्या कायद्याखाली आणावी अशी शिफारस केली. जुलै २०२२ मध्ये सरकारने कायदादुरुस्तीऐवजी उद्योगाच्या स्वयंनियमनावर भर दिला. त्या समितीसमोर जून २०१९ मध्ये साक्ष देताना एका मोठ्या कंपनीच्या प्रतिनिधीने या पेट्यांची तुलना आत खेळणे असलेल्या चॉकलेटच्या अंड्याशी केली होती.

बेल्जियमने वेगळा मार्ग घेतला. १९९९ च्या तेथील कायद्यात खेळ, पण, लाभ वा हानी आणि दैव हे चार घटक पाहिले जातात. वस्तूला बाजारभाव नसला तरी खेळाडू तिला मोल देतो, हे पुरेसे मानून तेथील आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये तीन प्रसिद्ध खेळांतील पेट्या जुगार ठरवल्या. नेदरलँड्समध्ये याच्या उलट घडले. नियामक संस्थेने फुटबॉलच्या एका खेळातील पाकिटांसाठी कंपनीला १ कोटी युरोंचा दंड केला. मार्च २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. पाकीट उघडणे हा स्वतंत्र खेळ नसून कौशल्याच्या एका मोठ्या खेळाचा भाग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

या निर्णयांची तुलना केली असता असे दिसते की, तेच पाकीट एका सीमेच्या अलीकडे जुगार आहे आणि पलीकडे नाही. केवळ कायद्यांच्या शब्दरचनेतील फरक म्हणून ही विसंगती सोडून देता येणार नाही. प्रश्न ज्या बाजूने विचारला जातो, ती बाजूच अपुरी आहे. 'बक्षिसाला पैशाचे मोल नाही, म्हणून जुगार नाही' या युक्तिवादाचा अर्थ नीट पाहावा. मटक्याचा आकडा लावणारा बहुधा हरतो, पण जिंकला तर त्याच्या हाती पैसा येतो. गाचा खेळणारा जिंकला तरी त्याच्या हाती पैसा येत नाही. खर्च केलेली रक्कम परत मिळण्याची शक्यता मटक्यात कमी असते, गाचात ती शून्य असते. म्हणजे ज्या वैशिष्ट्यामुळे हा व्यवहार कायद्याच्या तावडीतून सुटतो, त्याच वैशिष्ट्यामुळे खेळाडूचे आर्थिक नुकसान निश्चित होते. कायद्याची कसोटी आणि हानीची दिशा येथे एकमेकांच्या विरुद्ध जातात.

भारतीय परंपरेतील जुगाराचे एक अत्यंत प्राचीन चित्रण या संदर्भात आठवण्यासारखे आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात, म्हणजे अक्षसूक्तात, जुगाऱ्याने काय जिंकले यावर भर नाही. सासूचा तिटकारा, पत्नीचा दुरावा, कर्जामुळे रात्री दुसऱ्याच्या दारी जाण्याची वेळ आणि खेळायचे नाही असे ठरवूनही फाशांच्या आवाजाने तिकडे वळणारी पावले, हा त्या सूक्ताचा विषय आहे. जुगार ओळखायचा तो बक्षिसावरून नव्हे, तर खेळणाऱ्याच्या अवस्थेवरून, ही दृष्टी त्यात आहे. आधुनिक कायद्याला पुराव्याच्या सोयीसाठी मोजता येईल अशी कसोटी हवी असते, हे खरे. परंतु सोयीसाठी स्वीकारलेली कसोटी हेच मूळ तत्त्व मानले जाऊ लागले, की कायदा हानी डोळ्यांसमोर असूनही ती पाहू शकत नाही.

४. संशोधनाचे पुरावे आणि त्यांची मर्यादा

मानसशास्त्रीय संशोधनाने या प्रश्नाला खेळणाऱ्याच्या बाजूने हात घातला आहे. एरन ड्रमंड आणि जेम्स सॉअर यांनी २०१८ मध्ये २२ खेळांतील पेट्या जुगाराच्या पाच मानसशास्त्रीय निकषांवर तपासल्या. त्यांपैकी १० खेळ सर्व निकषांत बसले. त्याच वर्षी डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी ७,४२२ खेळाडूंचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. जुगाराच्या समस्येची तीव्रता जितकी अधिक, तितका पेट्यांवरील खर्च अधिक, असा संबंध त्यांना आढळला.

या संबंधाचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. पेट्यांमुळे जुगाराची सवय लागते, की जुगाराकडे आधीच ओढ असलेले लोक पेट्यांवर अधिक खर्च करतात, हे एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणावरून ठरवता येत नाही. उद्योगाचे समर्थक या त्रुटीकडे बोट दाखवतात आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत. परंतु दोन्ही पर्याय तपासून पाहिले, तर कंपन्यांना एकाही पर्यायात दिलासा मिळत नाही. पहिला पर्याय खरा असेल तर ही रचना नवे जुगारी घडवते. दुसरा खरा असेल तर ती आधीच दुर्बल असलेल्यांकडून पैसा गोळा करते. कार्यकारणाची दिशा हा शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा प्रश्न आहे. नैतिक जबाबदारीचा निवाडा त्यावर अडून राहत नाही.

जेम्स क्लोज आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये केलेले विश्लेषण या बाबतीत अधिक बोलके आहे. पेट्या विकत घेणाऱ्यांपैकी सर्वाधिक खर्च करणाऱ्या पाच टक्के लोकांकडून एकूण उत्पन्नापैकी सुमारे निम्मे उत्पन्न येते, असे त्यात आढळले. हे पाच टक्के लोक श्रीमंत असतील असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्यांच्या खर्चाचा संबंध व्यक्तिगत उत्पन्नाशी दिसला नाही. जुगाराच्या समस्येशी दिसला. 'बहुसंख्य खेळाडू एक पैसाही खर्च करत नाहीत' हा युक्तिवाद कंपन्यांच्या बाजूने नेहमी केला जातो. वस्तुस्थिती म्हणून तो मान्य केला, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. बहुसंख्य लोक फुकट खेळतात याचाच अर्थ त्यांच्या खेळाचा खर्च थोडे लोक भरतात, आणि ते थोडे लोक थांबू न शकणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता अधिक आहे.

५. संभाव्यता जाहीर करण्याचा उपाय

बक्षिसाची संभाव्यता जाहीर करावी, हा सर्वांत लोकप्रिय उपाय ठरला. चीनने १ मे २०१७ पासून ती सक्तीची केली. 'ॲपल'ने डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या ॲप स्टोअरसाठी तसा नियम केला. दक्षिण कोरियात २२ मार्च २०२४ पासून तसा कायदा लागू झाला. या कायद्याची गरज काय होती, हे तेथील 'नेक्सॉन' कंपनीच्या प्रकरणावरून कळते. संभाव्यता खेळाडूंना न कळवता बदलल्याबद्दल आणि काही आकर्षक संयोगांची शक्यता शून्यावर ठेवल्याबद्दल जानेवारी २०२४ मध्ये तेथील व्यापार आयोगाने या कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड केला. जे निघूच शकत नाही, त्यासाठी लोक पैसे भरत होते. अशी फसवणूक रोखण्यासाठी माहिती जाहीर होणे आवश्यक आहे, यात शंका नाही.

परंतु माहिती मिळणे आणि आकलन होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'एक टक्का' असे वाचल्यावर शंभर सोडतींत एकदा वस्तू मिळेल असे सामान्य वाचकाला वाटते. प्रत्यक्षात शंभर सोडती करणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३७ जणांच्या हाती ती वस्तू येत नाही. दोनशे सोडतींनंतरही सुमारे १३ जण रिकाम्या हाताने राहतात आणि तीनशे सोडतींनंतर सुमारे ५. कंपनीला यांपैकी कोणता खेळाडू दुर्दैवी ठरेल याची फिकीर करावी लागत नाही; तिचे उत्पन्न सरासरीवर चालते. खेळाडू मात्र सरासरीत जगत नाही, त्याच्या वाट्याला एकच निकाल येतो. टक्केवारीऐवजी 'ही वस्तू मिळेपर्यंत दहापैकी एका खेळाडूला इतक्या रुपयांहून अधिक खर्च येतो' असे विधान पडद्यावर सक्तीचे केले, तर तीच माहिती वेगळा परिणाम करील.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट'च्या चालकांशी केलेली तडजोड या दिशेने जाते. २ कोटी डॉलरचा दंड, सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशी विक्री करण्यास मनाई, चलनाच्या उतरंडीचे विनिमयदर स्पष्ट करणे आणि सोडती थेट पैशांनी घेण्याचा पर्याय देणे, अशा अटी त्यात होत्या. येथेही 'जुगार' हा शब्द कार्यवाहीचा आधार नव्हता. ग्राहकाची आणि मुलांची दिशाभूल हा होता. दुसऱ्या बाजूला, केवळ बंदीवर विसंबण्याची मर्यादा बेल्जियममध्ये दिसली. लिओन शाओ यांनी केलेल्या पाहणीत, बंदीनंतर काही वर्षांनीही तेथील सर्वाधिक उत्पन्नाच्या १०० आयफोन खेळांपैकी ८२ खेळांत पेट्या आढळल्या. अंमलबजावणीविना बंदी म्हणजे कागदावरचे संरक्षण होय.

६. भारतीय कायद्याची स्थिती

भारतीय जुगारविषयक कायदा दीर्घकाळ कौशल्य आणि दैव यांतील भेदावर उभा राहिला. मुंबई प्रांताच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याचे खेळ वगळले. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या १९५७ च्या खटल्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा प्रश्न होता. जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. पुढे १९६८ मध्ये रमी आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या बाजूला गेल्या. कौशल्य की दैव, या वादातच अर्धशतक गेले.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन अधिनियम, २०२५ या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने हा भेद बाजूला ठेवला. पैसे किंवा अन्य पण लावून आर्थिक व इतर लाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा दैवाचा, त्याने प्रतिबंधित केला. पैशांनी घेतलेली नाणी आणि टोकन यांचा समावेश त्याने 'पण' या संज्ञेत केला, ही या कायद्याची महत्त्वाची बाजू आहे. चलनाच्या उतरंडीआड पैसा लपवता येणार नाही, हे त्यातून सूचित होते. मात्र पारड्याची दुसरी बाजू, म्हणजे लाभ, पुन्हा संदिग्धच राहते. विकता न येणारे आभासी पात्र हा 'इतर लाभ' आहे काय? असल्यास गाचा प्रतिबंधित ठरतो. नसल्यास तो मोकळा राहतो. सामाजिक खेळांना हा कायदा सदस्यत्वाची वर्गणी किंवा एकवेळचे प्रवेशशुल्क घेऊ देतो. सोडतीसाठी वारंवार भरलेली रक्कम या दोहोंपैकी कशातच सहज बसत नाही. ब्रिटनमध्ये ज्या शब्दावर प्रश्न अडला, जवळपास त्याच शब्दापाशी भारतीय कायदाही येऊन थांबण्याची शक्यता आहे.

यावर जपानचा मार्ग भारतातही उपलब्ध आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ग्राहकांना फसव्या रचनांपासून वाचवण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत खोटी घाई, टप्प्याटप्प्याने उघड होणारी किंमत यांसह तेरा प्रकार नोंदले आहेत. गाचाची रचना या प्रकारांच्या अगदी जवळ आहे. पण तंतोतंत बसत नाही. 'पात्र २१ दिवसच मिळेल' ही घाई खोटी नसते. मुदत खरोखरच संपते. खोटे असते ते दुर्मिळत्व. संगणकावरील पात्राच्या कितीही प्रती निघू शकतात. तुटवडा केवळ विक्रीसाठी निर्माण केलेला असतो. म्हणून या यादीत कृत्रिम दुर्मिळत्व आणि बहुपदरी आभासी चलन यांचा स्वतंत्र उल्लेख होणे आवश्यक आहे.

अल्पवयीन खेळाडूंच्या बाबतीत हे अधिकच तातडीचे आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. तरीही जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' हा खेळ सुरू झाला, तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी खर्चाची मर्यादा दिवसाला ७,००० रुपये अशी जाहीर झाली. महिन्याचा हिशेब केल्यास ही रक्कम २ लाख १० हजार रुपये होते. ही मर्यादा संरक्षण म्हणून मांडली गेली होती. किती भारतीय कुटुंबांचे मासिक उत्पन्न इतके असते, हा प्रश्न विचारला की या संरक्षणाचे खरे स्वरूप कळते.

समारोप

यादृच्छिक बक्षिसांचे खेळ जुगार आहेत काय, या प्रश्नाला प्रत्येक देशाने आपल्या व्याख्येप्रमाणे उत्तर दिले. वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बक्षिसाच्या मोलावर आधारलेली कसोटी या खेळांच्या बाबतीत उलटी पडते : जेथे परतफेडीची शक्यताच नाही, तेथे ती संरक्षण काढून घेते. याउलट जपान आणि अमेरिका यांनी ग्राहकहिताच्या बाजूने केलेली कार्यवाही, अपुरी असली तरी, खर्चाच्या रचनेला थेट भिडली. किंमत लपलेली आहे काय, दुर्मिळत्व कृत्रिम आहे काय, थांबण्याची वाट जाणीवपूर्वक अवघड केली आहे काय, आणि समोर अल्पवयीन आहे काय, हे चार प्रश्न विचारण्यासाठी जुगाराची नवी व्याख्या होण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

या विषयाला एक शैक्षणिक बाजूही आहे. महाविद्यालयांच्या वर्गांत बसणारे विद्यार्थी हेच या खेळांचे ग्राहक आहेत. संभाव्यतेचा धडा फासे आणि पत्ते यांच्या उदाहरणांनी शिकवला जातो. एक टक्का शक्यतेच्या शंभर सोडतींचे उदाहरण त्याच धड्यात सहज बसते आणि विद्यार्थ्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध असतो. वाणिज्य शाखेत ग्राहक कायदा, मानसशास्त्रात प्रबलन आणि संस्कृतच्या वर्गात अक्षसूक्त शिकवताना हाच विषय वेगवेगळ्या दारांनी आत येऊ शकतो. कायदा सावकाश येईल. तोपर्यंत पुढची सोडत करण्यापूर्वी हिशेब मांडता येणे, एवढे तरी विद्यार्थ्याच्या हाती असायला हवे.